रुमालातून वाचकाच्या हाती

शके 1832 च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे 7 जुलै 1910 रोजी, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ही स्थापनेमागची दोन नावे. मंडळाचा इतिहास आजवर पुष्कळदा लिहिला गेला आहे आणि तो बहुधा थोर संशोधकांच्या चरित्रांच्या अंगाने लिहिला गेला. या स्मरणिकेसाठी लिहिताना मी वेगळी वाट धरली आहे. मंडळात आलेला कागद परक्या माणसाला पाहायला कसा मिळाला, वाचता कसा आला, त्याची प्रत त्याला घरी कशी नेता आली, एवढाच माझा विषय आहे. माझ्या मते मंडळाची सर्वांत मोठी कमाई इथेच आहे. जुने कागद जमवणारे महाराष्ट्रात पुष्कळ झाले. जमवलेला कागद दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवून ‘तुम्हीही वाचा, माझे चुकले असेल तर सांगा’ म्हणणारे थोडे.

मंडळ निघाले तेव्हा पुण्यात कागदांचा तोटा नव्हता. पेशव्यांचे दप्तर शहरातच होते. 1818 साली राज्य गेल्यावर ते इंग्रजांकडे आले. जमीनमहसूल आणि इनामांच्या चौकशीला त्याचा उपयोग होता म्हणून ते जपले गेले आणि पुढे एलियनेशन ऑफिसच्या दगडी इमारतीत लावून ठेवले गेले. हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, एका छपराखाली होते, पण अभ्यासकाला आत शिरायची सोय नव्हती. गणेश चिमणाजी वाड यांना त्यातल्या रोजनिशांमधून वेचे काढण्याची मुभा मिळाली, न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली त्या रोजनिशांवर आपले विवेचन लिहिले. पण हे अपवाद. साध्या शाळामास्तराने किंवा वकिलाने जाऊन ‘मला अमुक सालचा रुमाल पाहायचा आहे’ असे म्हणण्याचा तो काळ नव्हता.

सरकारी दप्तराबाहेर जे काम चालले होते ते एकेकट्या माणसांच्या हिमतीवर. काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1878 पासून ‘काव्येतिहास संग्रह’ चालवला. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत होते. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनीस संग्रह वाढवत होते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये आला. तिचे पुढे एकूण बावीस खंड झाले. या सर्वांचे उपकार मोठे आहेत, पण एक अडचण सगळीकडे सारखी होती. छापलेल्या पत्रातला एखादा शब्द खटकला, तारीख जुळेना, तर मूळ कागद पाहायचा कुठे? तो कुणाच्या तरी घरी असायचा, कुणाला तरी परत गेलेला असायचा, किंवा संग्राहकाच्या पश्चात त्याच्या मुलांच्या मर्जीवर असायचा. छापील पान हेच शेवटचे प्रमाण होऊन बसायचे. जिथे मूळ ठेवता येईल आणि कुणालाही ताडून पाहता येईल अशी जागा हवी होती. मंडळ ही ती जागा झाली.

जागा झाली म्हणून कागद आपोआप आले नाहीत. घराण्यांची भीती खरी होती आणि तिला कारण होते. 1852 पासून इनाम कमिशनने इनामदारांकडून सनदा मागवून हक्कांची छाननी केली, आणि कागद दाखवता न आल्याने कित्येकांची इनामे खालसा झाली. तेव्हापासून घरातला जुना कागद म्हणजे जमीन, मान आणि भाऊबंदकीतला पुरावा, हे लोकांच्या मनात पक्के बसले. तो बाहेरच्या माणसाच्या हाती द्यायचा म्हणजे वतन त्याच्या हाती देण्यासारखेच. दुसरीकडे ज्या घरांतला मोडी वाचणारा शेवटचा माणूस गेला होता, तिथे तेच दप्तर माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडे नाहीतर वाण्याकडे पुड्या बांधायला जाई. संशोधकाला या दोन्हींच्या मधून वाट काढायची होती. राजवाडे गावोगाव हिंडले, स्वतः हाताने स्वयंपाक करून राहिले, नकार ऐकून घेतले आणि पुन्हा गेले.

यातून जी रीत पडली तीच मंडळाच्या सगळ्या पुढच्या कामाचा पाया आहे. मालक कागद कायमचा देत असेल तर उत्तम. नसेल, तर त्याच्या घरी बसून नक्कल करून घ्यायची आणि अस्सल त्याच्या हाती सोपवून निघायचे. ही रीत कुणा संशोधकाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती मराठी राज्यकारभारातलीच आहे. छत्रपतींच्या किंवा पेशव्यांच्या दानपत्राच्या शेवटी कमाविसदाराला, देशाधिकाऱ्याला हुकूम असतो की दर साली नव्या पत्राची मागणी करू नये, या पत्राची प्रत लिहून घ्यावी आणि मूळ पत्र ज्याचे त्याला भोगवट्यासाठी परत द्यावे. म्हणजे दप्तरात राहायची ती प्रत आणि घरी जायचे ते अस्सल. शंभर-दोनशे वर्षांनी मंडळाच्या माणसांनी खेड्यातल्या ओसरीवर बसून नेमके तेच केले. देशमुखांच्या, कुलकर्ण्यांच्या घरी हा व्यवहार समजायला अवघड गेला नाही, कारण तो त्यांच्या पणजोबांनी पाहिलेलाच होता.

अशा प्रतीचे मोल काय असते याचे मंडळाच्या इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण जेधे शकावलीचे. भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी ही शकावली निघाली. कान्होजी जेध्यांचे हे घराणे, स्वराज्याच्या पहिल्या दिवसांपासूनचे. शकावली म्हणजे सालवार टिपण: अमुक शक, अमुक महिना, तिथी, आणि त्यापुढे घडलेली गोष्ट एका-दोन ओळींत. हे टिपण लोकमान्य टिळकांकडे आले आणि त्यांनी ते आपल्या विवेचनासह मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात 1916 साली प्रसिद्ध केले. त्यात शिवाजी महाराजांचा जन्म शके 1551, फाल्गुन वद्य तृतीयेचा दिला होता. बखरींच्या आधाराने तोवर शके 1549, वैशाख शुद्ध द्वितीया धरण्याचा प्रघात होता. दोन्हींत जवळजवळ तीन वर्षांचे अंतर.

एका टिपणावर एवढा मोठा बदल कुणी स्वीकारणार नाही, आणि स्वीकारूही नये. पण छापून आल्यामुळे ते टिपण आता जेध्यांच्या घरातले राहिले नव्हते. ते महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर होते. सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची पोथी मिळाली. तीही मंडळातर्फे 1927 मध्ये छापली गेली, आणि तिच्यातही फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 हीच तिथी निघाली. राजस्थानात, जोधपूरच्या एका जुन्या कुंडलीसंग्रहात, महाराजांची कुंडली सापडली. तीही याच तिथीशी जुळली. कारी, तंजावर आणि जोधपूर. या तिन्ही ठिकाणच्या लेखकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, म्हणूनच त्यांच्या मेळाला किंमत आली. दत्तात्रय विष्णू आपटे आणि दिवेकर यांनी 1925 मध्ये ‘शिवचरित्र प्रदीप’ काढला, त्यात शकावलीसारखी साधने पुन्हा छापून एका जागी आणली. वाद पुढे बरीच दशके चालला आणि शेवटी महाराष्ट्र शासनानेही 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख मान्य केली. कुणाचे मत बरोबर ठरले हा भाग निराळा. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या हातात तोच मजकूर होता, ही त्यातली मंडळाची कामगिरी.

मजकूर ‘तोच’ असणे मोडीच्या बाबतीत सोपे नाही. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढतात आणि मग तिला टांगून अक्षरे लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नाही. बोरूने लिहिताना हात उचलायचा नाही असा शिरस्ता, त्यामुळे घाईच्या पत्रात अक्षरे एकमेकांत मिसळतात. त्यात संक्षेप. ‘मौ।’ म्हणजे मौजे, ‘क॥’ म्हणजे कसबे, ‘रा। रा।’ म्हणजे राजमान्य राजश्री, ही सोपी. पण लेखक प्रांताप्रांताचा वेगळा आणि त्याच्या सवयी वेगळ्या. मोडी वर्गात बाराखडी शिकून झालेला विद्यार्थी पहिले अस्सल पत्र हाती घेतो तेव्हा त्याला पहिल्या दिवशी दोन ओळी लागल्या तरी पुष्कळ. मंडळाने मोडीचे आणि फारसीचे वर्ग चालवले ते याचसाठी. कागद खुला ठेवला आणि वाचणारा घडवला नाही, तर तो कागद बंदच राहिला म्हणायचा.

तारखेचेही तसेच. पत्रात इसवी सन कुठून असणार? सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. ‘अर्बा सबैन व अलफ’ म्हणजे चार, सत्तर आणि हजार, मिळून 1074. त्यात 599 मिळवले की 1673 येते; पण हे साल मृगाच्या सुमाराला बदलते, म्हणून कागद जानेवारीपासून पुढचा असेल तर 600 मिळवायचे. महिना मुसलमानी, दिवसाला ‘छ’ म्हणजे चंद्र लावलेला. कुठे राज्याभिषेक शक, कुठे फसली. मोडक जंत्री आणि खरे जंत्री यांची पाने अशा वेळी किती उलटली गेली असतील त्याची गणती नाही. मंडळातल्या त्या जंत्र्यांचे कोपरे बोटांनी मऊ झालेले असत.

या सगळ्या अडचणींतून नव्या माणसाला हाताला धरून नेणारा ग्रंथ मंडळातूनच निघाला, याचा मला मोठा अभिमान वाटतो. गणेश हरी खरे यांचा ‘संशोधकाचा मित्र’. खरे 1901 सालचे, 1985 मध्ये गेले. आयुष्याचा बहुतेक भाग त्यांनी मंडळाच्या कागदांमध्ये, नाण्यांमध्ये, ताम्रपटांमध्ये घालवला. ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड, हिंगणे दप्तर, मूर्तिविज्ञान अशी त्यांची कामे सर्वांना माहीत आहेत. पण ‘संशोधकाचा मित्र’ हे पुस्तक कुठलाही शोध जाहीर करत नाही. लिप्या, कालगणना, मापे, संक्षेप, साधनांचे प्रकार हे सगळे ते एखाद्या वडीलधाऱ्याने शेजारी बसवून सांगावे तसे सांगते. स्वतःच्या नावावर शोध लावण्याऐवजी दुसऱ्याला शोध लावता यावा म्हणून वर्षे घालवणे, ही वृत्ती दुर्मीळ आहे. पुस्तकाचे नाव त्यांनी विचार करून ठेवले होते.

त्याच वृत्तीचे दुसरे काम म्हणजे 1930 साली निघालेला ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’. नरसिंह चिंतामण केळकर आणि द. वि. आपटे त्याचे संपादक, आणि तो शिवचरित्र कार्यालयाने काढला. शिवकालातली निरनिराळ्या भाषांतली, निरनिराळ्या ठिकाणी छापलेली किंवा पडून असलेली पत्रे तारीखवार लावायची, प्रत्येकाचे दोन-चार ओळींत सार द्यायचे आणि ते मूळ कुठे मिळेल ते सांगायचे. दोन हजारांहून जास्त पत्रे. ग्रंथालयातल्या माणसाला विचारावे आणि त्याने पटकन फडताळाकडे बोट दाखवावे, तसे हे पुस्तक काम करते. आजही शिवकालावर लिहिणारा कुणी ते चाळल्याशिवाय पुढे जात नाही, आणि गेला तर त्याच्या लेखात ते दिसून येते.

मंडळाने स्वतःचे दरवाजे उघडे ठेवले म्हणून सरकारी दप्तराचे दार उघडा, असे म्हणण्याचा नैतिक अधिकार पुण्याच्या मंडळींना आला. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार मंडळाचे दीर्घकाळ चिटणीस होते. पेशवे दप्तर अभ्यासकांना खुले व्हावे या मागणीत ते पुढे होते. सरकारने 1929 नंतर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडून त्या दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापून घेतले. हे काम मोठेच झाले. पण निवड एका माणसाच्या नजरेची असते. त्याला जे महत्त्वाचे वाटले नाही ते रुमालातच राहते. पुढे दप्तर पुराभिलेखागार झाले, अर्ज करून कुणालाही बसता येऊ लागले, तेव्हा सरदेसायांनी सोडलेल्या जमाखर्चांतून, गावकीच्या कागदांतून नवा सामाजिक-आर्थिक इतिहास निघाला. छापील निवड आणि खुले दप्तर या दोन्ही गोष्टी लागतात. पहिलीवर समाधान मानू नये.

राजवाडे स्वतः मतभेदांमुळे मंडळापासून दूर झाले होते. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्याला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी तिथे 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या मतभेदांचा पाढा इथे वाचण्यात अर्थ नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने झाले ते असे की कागदांसाठी आता पुण्याबरोबर धुळ्यालाही जावे लागते.

मंडळात आज सुमारे पंधरा लाख कागद आहेत असे सांगितले जाते. शिवाय हजारो पोथ्या, नाणी, चित्रे. आकडा ऐकून लोक थक्क होतात. मला आकड्यापेक्षा एक रुमाल उघडताना पाहणे अधिक शिकवणारे वाटते. चौकोनी जाडाभरडा कपडा, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या दोन गाठी. त्या सोडल्या की आत पुडकी, प्रत्येकावर चिठ्ठी. एखाद्या पुडक्यातून वतनाच्या तंट्याचा महजर निघतो. हातकागदाचा, वीतभर रुंद आणि लांबच लांब, कारण एक बंद संपला की दुसरा त्याला खळीने चिकटवलेला आहे. तो टेबलावर उलगडत जायचा आणि वरचा भाग हळूहळू गुंडाळत जायचा. मजकूर संपला की साक्षी आणि निशाण्या. पाटलाने नाव लिहिलेले नाही, नांगर काढला आहे, न्हाव्याने आरसा. त्या रेघा चुकतमाकत, जोर देऊन काढलेल्या आहेत. गावाने एका जागी बसून निवाडा दिल्याचा तो पुरावा.

आता तो महजर उलटा करा. बंद जिथे जोडले आहेत तिथे मागच्या बाजूला जोडावर शिक्का किंवा अक्षरे आहेत, म्हणजे मधला बंद बदलून खोटा मजकूर घालता येऊ नये. पत्र असेल तर पाठीवर ते कधी पोचले याची नोंद असते, दप्तरात चढवल्याचे शेरे असतात. छापील ग्रंथात यातले पुष्कळसे येत नाही. निशाणीच्या जागी ‘नि॥ नांगर’ एवढेच येते. म्हणून प्रत मागणाऱ्याने पाठीचीही प्रत मागावी. समोरच्या बाजूचा चांगला फोटो घेऊन समाधानाने घरी गेलेल्या आणि वर्षभराने कागद खरा की बनावट या प्रश्नावर अडलेल्या माणसाला त्याच कागदासाठी पुन्हा प्रवास करावा लागतो.

प्रत करण्याची साधने शंभर वर्षांत बदलत गेली आणि प्रत्येकाने काही दिले, काही नेले. हाताने नक्कल करणारा कारकून संथ होता, पण लिहिता लिहिता त्याने कागद वाचलेला असे. शंका आली तर तो थांबे, जाणत्याला विचारी. त्याची चूकही त्याच्या समजुतीची असे आणि म्हणून पुढच्याला ती ओळखता येई. फोटो आणि मायक्रोफिल्म आली तेव्हा अक्षराचे वळण जसेच्या तसे हाती आले. झेरॉक्स आले आणि प्रत स्वस्त झाली, पण कागदाचे हाल झाले: काचेवर दाबून बसवायचा, घड्या मोडायच्या, प्रखर उजेडाखाली धरायचा. तीनशे वर्षे टिकलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद एकदा घडीवर तुटला की तिथली ओळ गेली. डिजिटल कॅमेरा आणि वरून टिपणारे स्कॅनर आले तेव्हा मला खरोखर हायसे वाटले. कागदाला हात न लावता, तो आहे तसा पडू देऊन, त्याची उत्तम प्रतिमा घेता येते, आणि एकदा घेतली की मूळ रुमाल पुन्हा पुन्हा सोडावा लागत नाही. मंडळाच्या त्रैमासिकाचे 1920 पासूनचे जुने अंकही आता संगणकावर वाचता येतात. पूर्वी एका टिपणासाठी कोल्हापूरहून, नागपूरहून पुण्याला यावे लागे.

प्रतिमा झाल्या म्हणजे काम झाले असे मात्र कुणी समजू नये. लाखभर प्रतिमांची सूची नसेल, तर त्या लाखभर पानांत हवे ते पान शोधणे रुमाल उसकटण्याइतकेच कठीण, आणि रुमालात निदान चिठ्ठी तरी असते. माझे स्पष्ट मत आहे की या देशातल्या इतिहाससंस्थांना आज सर्वांत जास्त गरज सूचीकारांची आहे. कागदावरची तारीख, कुणी कुणाला लिहिले, गाव, परगणा, विषय एका ओळीत, पाने किती, स्थिती कशी. एवढे लिहायला मोडी येणारा, कालगणना जाणणारा, कंटाळा न करणारा माणूस लागतो, आणि त्याला पगार लागतो. देणगीदार इमारतीला नाव द्यायला पैसे देतात, ग्रंथप्रकाशनाला देतात. पाच वर्षे बसून सूची करणाऱ्या दोन तरुणांच्या वेतनाला देणारा मिळत नाही. या स्मरणिकेच्या वाचकांत तसे कुणी असतील तर त्यांनी याचा विचार करावा. खऱ्यांनी आणि आपट्यांनी जे केले त्याची आजची आवृत्ती हीच आहे.

अलीकडे दप्तराकडे येणाऱ्यांत नव्या प्रकारची माणसे दिसतात. पूर्वी बहुतेक प्राध्यापक, लेखक किंवा गजानन भास्कर मेहेंदळे यांच्यासारखे सारे आयुष्य साधनांना वाहिलेले संशोधक. आता आपल्या घराण्याचा, गावाचा, देवस्थानाचा शोध घेणारी माणसे येतात. बंगळूर, बडोदा, इंदूर, तंजावरकडची मराठी कुटुंबे, परदेशी स्थायिक झालेली मुले. मला त्यांचे येणे फार मोलाचे वाटते. मात्र त्यांतल्या पुष्कळांची मागणी अशी असते की ‘आमचे आडनाव अमुक, आमचा इतिहास द्या.’ कागद आडनावाने लावलेले नसतात. आडनाव जुन्या पत्रात बहुधा नसतेच. गावावरून, वतनावरून, हुद्द्यावरून माणूस ओळखला जातो. तेव्हा घरून निघण्यापूर्वी मूळ गाव, त्याचा जुना परगणा किंवा तर्फ, घराण्याकडे कोणते वतन होते, कुलदैवत, आणि आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ कागदावर मांडून घ्यावी. घरात एखादा जुना कागद असेल तर त्याचा फोटो आणावा. मग शिवचरित्रसाहित्याचे खंड, पुरंदरे दप्तर, चंद्रचूड दप्तर, पेशवे दप्तराचे भाग यांच्या शेवटच्या सूच्या पाहाव्यात. अर्धेअधिक काम छापील पुस्तकांतच उरकते, आणि ते उरकल्यावरच अस्सल रुमालाला हात लावावा. घरून निघण्याआधी संस्थेला पत्राने किंवा फोनने विषय कळवावा, म्हणजे कोणते दप्तर काढून ठेवायचे ते तिथल्या माणसांना ठरवता येते.

बसल्यावरचे नियम साधे आहेत. शाईचे पेन खिशात ठेवून शिसपेन्सिल वापरायची. पुडक्यातला क्रम मोडायचा नाही, कारण कागद कुणाशेजारी आहे यावरही त्याचा अर्थ ठरतो. तुटका तुकडा मिळाला तर तो स्वतः चिकटवायचा नाही, सांभाळणाऱ्याला दाखवायचा. प्रत हवी असेल तर अर्जात कागदाचा पूर्ण नंबर, पाने, आणि ती कशासाठी हवी ते लिहायचे: खाजगी अभ्यासासाठी, प्रबंधासाठी की छापण्यासाठी. छापायची असेल तर वेगळी परवानगी लागते आणि ती लागणे योग्यच आहे. एखाद्या घराण्याने विश्वासाने ठेवलेल्या कागदाची ती जबाबदारी आहे. प्रतीचे शुल्क अनेकांना जाचते. त्या पैशांतून रुमालाचा कपडा येतो, कसर लागू नये म्हणून औषध येते, उन्हाळ्यात दप्तरखान्यातला पंखा चालतो. खाजगी संस्थेच्या मागे सरकारी तिजोरी नसते.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या अभ्यासकाला सांगत आलो आहे. आपले लिप्यंतर आपल्याजवळच ठेवू नये. प्रतिमेवरून तुम्ही ज्या चाळीस ओळी लावल्या, त्यासाठी दोन आठवडे घालवले, त्या पुढच्या माणसाने पुन्हा पहिल्यापासून लावाव्यात यात कुणाचे भले आहे? एक प्रत संस्थेत द्यावी, न लागलेला शब्द तसाच टिंबे देऊन ठेवावा, अंदाजाने भरू नये, आणि खाली आपले नाव व तारीख घालावी. लेख किंवा पुस्तक छापून आले की त्याचीही एक प्रत ग्रंथालयाला पाठवावी, आणि तळटिपेत ‘मंडळाच्या संग्रहातून’ एवढ्यावर न थांबता रुमाल, पुडके आणि कागदाचा क्रमांक द्यावा, म्हणजे वाचकाला तो कागद मागवून तुमचे वाचन तपासता येईल.